खिशातला चाकू आणि बुचाचा पेच

(नभोवाणीवरून केलेले भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येण्याचा संभव आहे. रोज खिशात बाळगावयाच्या चाकूला बाटलीचे बूच काढण्याचा पेच, म्हणजे इंग्रज लोक ज्याला कॉर्कस्क्रू म्हणतात तो, असावा की नसावा, एवढाच हा प्रश्न आहे. लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांचा इतिहास सांगण्यास अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. मी बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे या गावचा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. माझ्या वाट्याला हा खिशातला इतिहास आला, आणि तो का आला हे प्रथम सांगितले पाहिजे.

२०१६ साली मी नोकरीतून निवृत्त झालो, त्या वेळी शाळेत निरोपाचा छोटासा समारंभ झाला. माझा एक पुतण्या स्वित्झर्लंडमध्ये नोकरीस असतो. त्याने काकांसाठी म्हणून तिकडचा प्रसिद्ध तांबड्या मुठीचा चाकू पाठविला होता. शाल, श्रीफळ झाल्यावर हा चाकू हातोहात फिरू लागला. एका शिक्षकबंधूंनी त्याचे एकेक पाते उघडून दाखविण्यास आरंभ केला. मोठे पाते निघाले, लहान पाते निघाले, डबा उघडण्याचे निघाले. मुले कौतुकाने पाहत होती. शेवटी पाठीमागून एक वेटोळे घेतलेली पोलादी तार बाहेर आली. क्षणभर शांतता झाली, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, आता निवृत्तीनंतरचा बेत कळला!" सारी सभा हसली. मीही हसलो; पण अडतीस वर्षे ज्या गावात मुलांना शुचिर्भूतपणाचे धडे दिले, त्याच गावात आपल्या खिशातून दारूचे अवजार निघावे, याची बोच मनात राहिली. घरी येऊन मी तो चाकू टेबलावर ठेवला आणि स्वतःलाच विचारले, की हे वेटोळे खरोखर दारूचेच आहे काय?

तेव्हा मला माझ्या बालपणातील एक रात्र आठवली. मी सात-आठ वर्षांचा असेन. आईला जबर ताप होता. वडील दिवसभर पायपीट करून औषधाची बाटली घेऊन आले होते. त्या काळी औषधासाठी बाटली घरूनच न्यावी लागे. कंपाउंडर तीत तांबडे किंवा पिवळे मिश्रण भरी, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कातरून बाटलीला चिकटवी आणि तोंडाशी बूच ठोकून देई. वाटेत औषध सांडू नये म्हणून त्या दिवशी ते बूच फारच घट्ट बसविले गेले होते. रात्री पहिला डोस देण्याची वेळ आली आणि बूच निघेना. वडिलांनी दातांनी ओढून पाहिले, मग चाकूचे टोक खुपसून उचकटू लागले. बुचाचा भुगा झाला, पण खालचा अर्धा भाग हलला नाही. आणि चाकू निसटला तो थेट त्यांच्या डाव्या तळहातात शिरला. चिमणीच्या उजेडात आईच्या अंथरुणावर पडलेले ते रक्त मी अजून विसरलेलो नाही.

शेजारी सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदारकाका राहत. गलबला ऐकून ते आपला फौजी चाकू घेऊन धावत आले. त्या चाकूला एक जाड पाते, एक डबा उघडण्याचे हत्यार आणि एक टोकदार सुवा होता. वडील म्हणाले, "काका, यास बूच काढण्याचा पेच नाही का?" काका म्हणाले, "तो साहेबांच्या चाकूला असतो. आम्हां शिपायांच्या चाकूला सुवा." आणि त्यांनी त्या सुव्याने उरलेले बूच सरळ बाटलीत ढकलून दिले. आजीने औषध स्वच्छ फडक्यातून गाळून आईला पाजले. आई त्या दुखण्यातून उठली. वडिलांच्या तळहातावरील व्रण मात्र अखेरपर्यंत राहिला. हवालदारकाकांचे ते वाक्य माझ्या मनात पन्नास वर्षे पडून होते. निरोपसमारंभानंतर ते पुन्हा जागे झाले, आणि मी या पेचाचा शोध घेऊ लागलो.

आपल्याकडे खिशातला किंवा कमरेचा चाकू ही काही नवी वस्तू नव्हे. बोरूने लिहिण्याचा काळ होता तेव्हा कारकुनापाशी आणि पंतोजीपाशी चाकू असेच. कारण बोरूचे टोक झिजले की ते पुन्हा तिरके छाटून घ्यावे लागे. पान खाणाऱ्याच्या चंचीत अडकित्ता असे. एका कडीत ओवलेले कानकोरणे, दातकोरणे आणि चिमटा हा संच तर अनेक घरांत वापरात होता. पुष्कळ हत्यारे एका ठिकाणी बांधून जवळ बाळगावीत, ही कल्पना आपणांस युरोपकडून शिकावी लागली नाही. मात्र आपल्या या कोणत्याही संचात बूच काढण्याचा पेच नव्हता. बाटलीच नव्हती, तेथे बूच कोठले? तेल बुधल्यात असे, तूप गाडग्यात असे, आणि तोंडाला चिंधीचा बोळा किंवा लाकडाचा दट्ट्या पुरत असे. काचेची बाटली आली तेव्हा तिच्या तोंडच्या वस्तूला आपण आपला जुनाच शब्द लावला, गुडदी. बूच हा शब्द पुढे अधिक रूढ झाला.

बाटलीच्या पेचाचा मूळपुरुष मात्र बाटलीशी संबंधित नव्हताच. तो बंदुकीचा नोकर होता. तोंडाकडून भरावयाच्या जुन्या बंदुकीत आधी दारू, मग बोळा आणि गोळी अशी गजाने ठासावी लागे. बार उडाला नाही, तर आत अडकलेला बोळा बाहेर कसा काढावयाचा? त्यासाठी गजाच्या टोकाला पोलादी वेटोळे लावीत. ते आत फिरविले की बोळ्यात रुतून बसे आणि ओढताच त्याला घेऊन बाहेर येई. युरोपात सतराव्या शतकात काचेच्या बाटल्या मजबूत होऊ लागल्या आणि त्यांची तोंडे बुचाने बंद करण्याची चाल पडली, तेव्हा हीच युक्ती तेथे लागू झाली. १६८१ साली नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या संग्रहालयाची यादी छापली, तीत बाटलीचे बूच ओढण्याच्या पोलादी किड्याचा उल्लेख सापडतो. किडा हे त्या वेटोळ्याचे इंग्रजीतील जुने नाव. पुढे १७९५ साली सॅम्युएल हेन्शॉल नावाच्या एका पाद्र्याने या पेचात सुधारणा करून त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट घेतले. बूच काढण्याच्या पेचाचे पहिले पेटंट एका धर्मोपदेशकाच्या नावावर आहे, ही गोष्ट मला समारंभाच्या दिवशी ठाऊक असती, तर मागच्या बाकाला उत्तर देता आले असते!

येथे आपल्या भाषेतील एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. दारू हा मूळ फारसी शब्द. त्याचा अर्थ औषध. आपण दवादारू म्हणतो तेव्हा तोच अर्थ जिवंत असतो. बंदुकीच्या चूर्णालाही आपण दारू म्हणतो, आणि मद्यालाही दारूच म्हणतो. श्रोतेहो, या वेटोळ्याने तिन्ही दारूंची चाकरी केली आहे. आधी बंदुकीची, मग मद्याची आणि शेवटी औषधाची. आमच्या गावच्या सभेला त्यांपैकी एकच ठाऊक होती, एवढाच काय तो घोटाळा.

आता हे बूच काय पदार्थ आहे, आणि त्याला पेचच का लागतो, हे थोडे पाहू. खरे बूच म्हणजे भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडील देशांत होणाऱ्या एका ओक वृक्षाची साल. पोर्तुगाल हा त्याचा सर्वांत मोठा उत्पादक देश. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाले म्हणजे पहिल्यांदा साल काढतात, आणि त्यानंतर साधारण दर नऊ वर्षांनी. झाड न तोडता साल पुन्हा येते. या सालीत हवेने भरलेल्या अत्यंत सूक्ष्म कोशिका असतात. म्हणून ती दाबली तर दबते आणि सोडली की पुन्हा फुगते. द्राक्षमद्याच्या बाटलीचे बूच साधारण २४ मिलिमीटर जाडीचे असते आणि ते साडेअठरा मिलिमीटरांच्या तोंडात दाबून बसवितात. ते सर्व बाजूंनी काचेस रेटून धरते, आणि म्हणूनच बाहेर येण्यास वीस ते चाळीस किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. सरळ खिळा आत घातला तर खिळाच बाहेर येतो. चाकूचे टोक घातले तर बुचाचे तुकडे होतात, हे आमच्या घराने पाहिलेच. वेटोळे मात्र बुचाच्या सर्व लांबीत स्वतःला गुंतवून घेते, त्यामुळे ओढ एका ठिकाणी न पडता सगळ्या बुचावर पडते. बुद्धीची ही करामत खरोखर सुंदर आहे, यात संशय नाही.

आपल्याकडेही बुचाचे झाड म्हणून एक वृक्ष आहे. उंच वाढतो, आणि पहाटे त्याच्या लांब देठाच्या पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा पडलेला असतो. मुली त्या फुलांची देठे एकमेकांत गुंफून वेण्या करतात. त्याची साल खऱ्या बुचाच्या जागी हलक्या प्रतीचे बूच म्हणून चालवून घेत, त्यावरून त्याला हे नाव पडले. खऱ्या बुचाची सर तिला नाही. स्वदेशीच्या चळवळीत पैसा फंडाच्या साहाय्याने १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. १९१६ पासून ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काचकाम उभे केले आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. आपली काच अशी देशी झाली. बुचासाठी मात्र पोर्तुगाल आणि स्पेनकडेच पाहावे लागे.

मराठी मुलुखाच्या शेजारी असा एक प्रदेश होता, की जेथे हा पेच घरातील नित्याची वस्तू म्हणून नांदला. तो म्हणजे गोवा. १९६१ च्या डिसेंबरात मुक्त होईपर्यंत गोवा पोर्तुगालच्या अमलाखाली होता, आणि पोर्तुगालची द्राक्षमद्ये तेथे उतरत. चर्चमधील उपासनेसही द्राक्षमद्य लागते. पोर्तुगीज भाषेत या पेचाला बूच ओढणारा अशाच अर्थाचे नाव आहे. तेथे तो जेवणघरातील खणात, चमच्यांच्या शेजारी पडलेला असे आणि कोणाच्या भुवया वर जात नसत. आमच्या वऱ्हाडात मात्र तो आला साहेबाच्या सामानातून आणि दवाखान्याच्या टेबलावरून. साहेब गेला, दवाखान्यातले बूच पुष्कळ वर्षे राहिले. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या कुप्यांना इवलीशी बुचे असत, शाईच्या बाटलीला बूच असे, रॉकेलच्या बाटलीला तर बूच हरवले की मक्याच्या कणसाचा सोललेला दांडा बसे. माझ्या बालपणी ज्या घरात बूच नाही असे घर नव्हते. आणि पेच असलेले घर गावात एकही मला आठवत नाही.

आता चाकूकडे वळू. हवालदारकाकांचे वाक्य किती खरे होते, हे मला स्विस चाकूच्या इतिहासावरून समजले. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८८९ साली नवी बंदूक स्वीकारली. ती खोलून साफ करण्यास डिसमिस लागे. शिवाय शिधा डब्यातून मिळू लागला होता. तेव्हा शिपायास एकच असे हत्यार द्यावे, की ज्यात पाते, दाभणासारखा सुवा, डबा उघडणी आणि डिसमिस ही चारही असतील, असे ठरले. आरंभीचे चाकू जर्मनीतील झोलिंगेन गावाहून आणावे लागले. इबाख गावचा कार्ल एल्सेनर हा कारागीर त्या वेळी तिशीत होता. स्वदेशाच्या शिपायाचा चाकू परदेशातून का यावा, या ईर्षेने तो पुढे झाला आणि १८९१ पासून सैन्याला चाकू पुरवू लागला. आपल्याकडील स्वदेशीच्या उद्योजकांची आठवण व्हावी असाच हा मनुष्य. त्यालाही सुरुवातीस मोठे नुकसान सोसावे लागले.

या शिपायाच्या चाकूला बुचाचा पेच नव्हता. पुढे १२ जून १८९७ रोजी एल्सेनरने दुसरा, हलका आणि देखणा चाकू नोंदविला. त्याचे नावच मुळी अधिकाऱ्यांचा चाकू असे ठेविले होते. त्यात दोन गोष्टी जास्त होत्या. एक लहान पाते, आणि दुसरा बुचाचा पेच. सरकारने हा चाकू कधी वाटला नाही. अधिकारी तो आपल्या पैशाने विकत घेत. मोहिमेवर शिपायाने बंदूक खोलावी आणि अधिकाऱ्याने संध्याकाळी बाटली खोलावी, अशी ही वाटणी दिसते. इंग्रजी फौजेतील साध्या शिपायाच्या चाकूतही पाते, डबा उघडणी आणि जाड सुवाच असे. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की स्विस सैन्याने शिपायाचा चाकू १९०८, १९५१, १९६१ आणि २००८ साली नव्याने ठरविला. २००८ च्या चाकूत करवतीचे पाते आले, फुलीच्या स्क्रूचा डिसमिस आला, पण बुचाचा पेच तेव्हाही आला नाही. शिपायाला काय लागते याचा विचार ज्यांनी शंभरांहून अधिक वर्षे केला, त्यांना तो एकदाही आवश्यक वाटला नाही. जगभर जो स्विस सैन्याचा चाकू म्हणून ओळखला जातो आणि ज्याच्या चित्रात ते वेटोळे हटकून असते, तो वास्तविक अधिकाऱ्याच्या चाकूचा वंशज आहे.

एल्सेनरच्या त्या चाकूत एक खुबी होती, आणि आपल्या प्रश्नाचा निर्णय बराचसा तिच्यावर अवलंबून आहे. एकाच पोलादी कमानीवर त्याने दोन्ही बाजूंची हत्यारे बसविली. पात्यांना जी कमान लागतेच, तिच्याच पाठीवर पेच आणि सुवा बसतात; त्यामुळे पेचाने चाकूची जाडी वाढत नाही. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, की असला तर काय बिघडले? फुकटच तर मिळतो. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच. कारण त्या पाठीवरच्या जागेसाठी एक दुसरा उमेदवारही आहे. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स याने १९३६ साली फुलीच्या आकाराच्या स्क्रूची पेटंटे घेतली, आणि पाहता पाहता जगातील यंत्रे या फुलीने बांधली जाऊ लागली. स्विस कारखानदारांनी पुढे असे चाकू काढले, की ज्यांत पेचाच्या जागी फुलीचा डिसमिस बसविलेला असतो. आता गिऱ्हाइकाने निवड करावयाची आहे. म्हणजे पेच फुकट नाही. त्याची किंमत म्हणून तो डिसमिस सोडावा लागतो.

निवड करताना बुचाचे पुढे काय झाले हेही ध्यानात घेतले पाहिजे. सोडावॉटरच्या बाटलीत हिराम कॉड याने १८७२ च्या सुमारास काचेची गोटी बसविली. आपला गोटीसोडा तो हाच. त्याला बूचही नको आणि पेचही नको, अंगठा पुरे. १८९२ साली बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने दातेरी पत्र्याचे टोपण काढले. आटे असलेले झाकण तर त्याच सुमारास निघाले होते. औषधाच्या बाटल्यांवर ते आपल्याकडे हळूहळू येत गेले, आणि आज औषधाच्या दुकानात बुचाची बाटली शोधूनही मिळणार नाही. माझ्या वडिलांच्या हाताला जी जखम झाली, ती आजच्या घरात होणे नाही. राहता राहिले द्राक्षमद्य. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखल्यापासून नाशिक आणि नारायणगावकडे हा धंदा वाढला आहे. परंतु तेथील पुष्कळ बाटल्यांवरही आता आट्याचे झाकण असते. ज्याच्यासाठी पेच जन्मास आला, तेच बूच दिवसेंदिवस मागे सरते आहे. जुन्या विलायती चाकूंना घोड्याच्या खुरातील खडा काढण्याचा एक आकडा असे. रस्त्यावरून घोडे गेले आणि चाकूवरून आकडा गेला. पेचाचे मात्र तसे झाले नाही. त्याच्या मागे साहेबी थाटाची स्मृती उभी आहे, म्हणून तो गरजेपेक्षा अधिक काळ टिकला, असे मला वाटते.

आता दारूच्या आक्षेपाविषयी दोन शब्द. मी स्वतः मद्याला कधी शिवलेलो नाही, आणि त्याची तरफदारीही करणार नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला, मुंबई राज्यात १९४९ साली झाला. १९५६ पासून आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला. या कायद्यांच्या मागे ज्या मायबहिणींचे अश्रू होते, ते मी माझ्या गावातही पाहिले आहेत. परंतु ज्या दारूने आमच्याकडील संसार बुडाले, तिला बूच कधी नव्हतेच. ती मोहाची असो की गुळाची, डब्यातून, रबरी नळीतून, फुग्यातून आली. देशी दारूची बाटली आली ती पत्र्याच्या टोपणाची. तिच्यासाठी पेच कोणी खिशात घातला नाही. तेव्हा चाकूच्या वेटोळ्याकडे पाहून मनुष्याची नीती ठरविणे हे सुईवरून शिंप्याची जात ठरविण्यासारखे आहे. मागच्या बाकावरील त्या गृहस्थांवर माझा राग नाही. पण न्याय चुकला, एवढे नमूद केले पाहिजे.

मग पेच असावा की नसावा? मी एक साधा प्रयोग केला. एक महिनाभर तो चाकू खिशात बाळगला आणि संध्याकाळी वहीत लिहून ठेवले, की आज कोणते हत्यार किती वेळा उघडले. मोठे पाते रोज निघाले. कधी सुतळी कापावयास, कधी आंबा चिरावयास, कधी नातवाची पेन्सिल करावयास. सुवा नऊ वेळा लागला. चपलेचा अंगठा शिवताना, पट्ट्याला भोक पाडताना, पोत्याचे तोंड शिवताना. डिसमिस अकरा वेळा. त्यांपैकी सात वेळा स्क्रू फुलीचा होता, आणि माझ्या चाकूला फुलीचा डिसमिस नसल्यामुळे मला शेजाऱ्याकडे जावे लागले. बुचाचा पेच तीन वेळा उघडला. तिन्ही वेळा बुचासाठी नव्हे, तर भिजून आवळलेली सुतळीची गाठ सोडविण्यासाठी. गाठीच्या पोटात त्याचे टोक फिरवीत नेले की गाठ सैल होते आणि सुतळी न कापता सुटते. या कामात तो फार गुणी आहे, हे मला मान्य केलेच पाहिजे. परंतु सुव्यानेही ते काम होते. थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच.

माझा हिशेब माझ्या खिशाचा आहे, तो सर्वांना लागू पडेल असे मी म्हणत नाही. गोव्यात किंवा परदेशात राहणाऱ्या, पाहुण्यांसाठी बुचाची बाटली उघडण्याचा प्रसंग ज्याच्या घरी येतो अशा गृहस्थाचा हिशेब निराळा होईल. मात्र त्यालाही मी सांगेन, की चाकूचा पेच लहान, त्याला ओढण्यास तरफ नाही. सगळा जोर मनगटाचा. घरात असे काम वारंवार निघत असेल, तर १८८२ साली जर्मनीच्या कार्ल विन्के याने काढलेला, बाटलीच्या काठावर टेकणारा तरफेचा पेच स्वयंपाकघरात ठेवावा आणि चाकूला त्या कामातून मुक्त करावे. बाकीच्या आपल्यासारख्या घरांना, जेथे बूच उरले नाही आणि यंत्रे वाढली आहेत, तेथे पेचाचा चाकू घेण्यापेक्षा फुलीच्या डिसमिसाचा घ्यावा. आणि काहीही झाले तरी सुवा नसलेला चाकू घेऊ नये.

एखाद्याच्या घरी अजूनही आजोबांची जुनी बाटली असेल आणि तिचे बूच आत पडले असेल, तर त्यालाही पेचाची गरज नाही. बाटली रिकामी करावी, सुतळी दुहेरी करून तिचा फास आत सोडावा, बाटली उलटी करून बूच त्या फासात बसवावे आणि हळूहळू ओढावे. ते बाहेर येते. माझ्या आजीने दुसऱ्या दिवशी सकाळी, औषध दुसऱ्या भांड्यात काढल्यावर, ते अर्धे बूच याच रीतीने बाहेर काढले होते. कारण बाटली पुन्हा औषधाला न्यावयाची होती.

गेल्या दिवाळीत पुतण्याचा फोन आला. म्हणाला, "काका, तुमच्यासाठी दुसरा चाकू आणू का? कोणता आणू?" मी त्याला म्हणालो, "पेचाऐवजी फुलीच्या डिसमिसाचा आण." तो आला आहे, आणि सध्या तोच माझ्या खिशात असतो. पहिला चाकू मी टाकून दिला नाही. तो टेबलाच्या खणात आहे. कधी कधी मी त्याचे ते वेटोळे उघडून पाहतो, तेव्हा मला निरोपसमारंभ आठवत नाही. चिमणीचा उजेड, तापाने फणफणलेली आई आणि वडिलांचा तळहात आठवतो. त्या एका रात्री हा पेच आमच्या घरात असावयास हवा होता.